बॅटला न लागलेला चेंडू

क्रिकेट खेळणं हे काम आहे, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. पाहुणे आले आणि "बबन काय करतो?" असं त्यांनी विचारलं की ती म्हणायची, "बाहेरगावी असते तो." मग विषय तुरीच्या डाळीवर न्यायची. मी भारताकडून खेळत होतो त्या दिवसांतही तिचं उत्तर हेच होतं, आणि तिचं फार चुकत होतं असंही नाही. चार कसोट्या, सात डाव, सर्वांत जास्त धावा एकसष्ट. एवढ्या भांडवलावर कोणी पानटपरीसुद्धा टाकत नाही.

तरी त्या सात डावांनी मला यवतमाळ जिल्ह्यात जन्मभर पुरेल एवढी ओळख दिली आणि एका सरकारी कंपनीत नोकरी दिली. ओळखीचे मासलेही कसले! पुसदच्या एका शिंप्यानं माझ्या छातीचं माप घेता घेता विचारलं होतं, "साहेब, इथंच लागला होता ना तो बॉल?" आणि टेप तिथंच दाबून धरली होती. एका बंजारा तांड्यावर व्हॉलीबॉलच्या उद्घाटनाला गेलो, तर तिथले म्हातारे नायक बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाच दिवस खेळाचं, आन् जिकलं कोन तं कोनीच नाही? आमची पंचायत बी दोन दिवसांत उठते." मी अनिर्णित सामन्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला.

अशा गमती मी शाळांच्या संमेलनांत पुष्कळ सांगितल्या आहेत. माझ्या सातव्या, म्हणजे शेवटच्या डावाबद्दल मात्र मी बरीच वर्षं खोटं सांगत आलो. लोकांना सांगितलं त्याचं एवढं नाही. दादाराव काकांनाही तेच सांगितलं, ते मला जड गेलं. हा लेख त्याबद्दल आहे.

दादाराव काका म्हणजे दारव्हा रस्त्यावरच्या एका जिनिंगचे काटेवाले. शेतकऱ्याची कापसाची गाडी आली की ती काट्यावर घ्यायची, वजन मोठ्यानं वाचायचं, चिठ्ठी फाडून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात देव नव्हते, पण नियम होते, आणि ते देवांपेक्षा कडक होते. गाडीवाल्याला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिल्याशिवाय काका चिठ्ठी फाडत नसत. लांबलांबचे शेतकरी त्यांच्या काट्यावर यायचे ते एवढ्यासाठीच.

होळीनंतर आवारातली कापसाची गंजी उठली की ती जागा आमची होई. काकांचं क्रिकेटचं वेड जुनं होतं. काळी माती पाणी मारून दाबायची, पाण्यानं भरलेलं डांबराचं पिंप तिच्यावरून फिरवायचं, वर काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकायचे. कोपऱ्यात कुठेतरी रुई उरलेली असायचीच, त्यामुळे क्षेत्ररक्षक दिवसभर शिंकत. चेंडू उरल्यासुरल्या गंजीत घुसला तर दोन धावा, असा आमचा खास कायदा होता. शोधायला लागणाऱ्या वेळात वीस धावा निघाल्या असत्या.

दुसरा कायदा काकांचा. गावोगावच्या सामन्यांत अंपायर बाहेरून आणायची सोय कुठून असणार? जी टीम बॅटिंग करते तिचेच दोन जण पांढरे शर्ट घालून उभे राहत. त्यातून काय काय व्हायचं ते सांगायला नको. पुसदला एकदा आमच्याविरुद्ध एकाच माणसाचे तीन झेल अंपायरनं नाकारले. अंपायर त्या बॅट्समनचा सख्खा मेहुणा होता. काकांनी आमच्या टीमला सांगून ठेवलं होतं, "बॅटले लागली तं अंपायरकडं पाहाचं नाही. चालत्या पायानं निघाचं. अंपायर आपलाच पोरगा हाये, त्याले खोटं बोलाले लावू नका." समोरची टीम हसायची. आमचे चांगले चांगले गडी शून्यावर स्वतःहून बाहेर यायचे आणि आम्ही सामने हरायचो. काकांना त्याचं काही वाटत नसे. उलट अशा पराभवानंतर ते सगळ्यांना चहा सांगायचे.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेंडू बॅटला हलका चाटून गेला तर प्रेक्षकांना आवाजावरून कळतं, बॅट्समनला हातावरून. कानाच्या आधी तळहाताला समजतं, काठीनं उंबरठ्याला हलकं टेकलं तरी समजतं तसं. आवाज पुष्कळ येतात. बॅट पॅडवर घासते, बुटाला लागते, जुन्या बॅटची मूठ करकरते. कान फसतो, हात फसत नाही. इतकी वर्षं खेळलो, एकदाही असं झालं नाही की चेंडू लागला आणि मला कळलं नाही, किंवा लागला नाही आणि मला लागल्यासारखं वाटलं. जो बॅट्समन "मला समजलंच नाही हो" असं म्हणतो, तो खोटं बोलतो. आम्ही सगळे एकमेकांची ही थाप ऐकून घेतो.

दुसरी गोष्ट भीतीची. ती लोक विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही. जोरात टाकणाऱ्याचा चेंडू पाहून ठरवायला वेळ नसतो. पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. मॅटवर वाढलेल्या माणसाला उसळत्या चेंडूची सवय असते, त्यावरच मी वर चढलो. पण मॅटवरची उसळी प्रामाणिक असते, रोज तेवढीच. हिरवळीच्या खेळपट्टीवर एक चेंडू गुडघ्याशी येतो आणि तिथंच पडलेला दुसरा हनुवटीशी. चांगले बॅट्समन या अनिश्चिततेत घर करून राहतात. मला भाड्यानंसुद्धा राहता आलं नाही.

तो सातवा डाव परदेशातला होता. देश कोणता ते लिहीत नाही, बोलर कोण तेही नाही. आम्हाला सामना वाचवायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळपर्यंत टिकलो तर वाचलो अशी अवस्था. मी त्रेचाळीसवर होतो. त्या उंच माणसानं एक चेंडू माझ्या बगलेखाली मारला. श्वास गेला, परत यायला वेळ लागला. त्याच्या पुढचा हनुवटीपासून बोटभर अंतरावरून गेला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला नाही, फक्त परत फिरून आपल्या खुणेकडे चालू लागला, आणि मला कळलं की याला अजून बरंच टाकायचं आहे.

पुढचा चेंडू बॅटच्या शेजारून गेला. टक् असा आवाज आला. माझी बॅट जुनी होती, मूठ सैल झाली होती. विकेटकीपरनं चेंडू वर उडवला, चारपाच जण ओरडले. अंपायर जागचा हलला नाही. त्याची मान नकारार्थी वळू लागली होती हे मला स्पष्ट दिसलं. हाताला काहीही कळलं नव्हतं. आणि मी बॅट काखेत मारली आणि निघालो.

आत गेल्यावर कप्तानानं विचारलं, "नक्की लागली होती?" मी म्हटलं, "हो. बारीकशी." ते दोन शब्द मी त्या वेळी बोललो आणि ते मला पुढे कित्येक वर्षं पुरले. आम्ही चहाच्या आधीच हरलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मी सभ्य खेळाचा आदर्श होतो. निवड समितीनंही कौतुक केलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. आदर्शाला टीममध्ये घ्यावंच लागतं असं नाही.

सवयीनं गेलो की भीतीनं, असा प्रश्न मी स्वतःला बराच काळ विचारत राहिलो, कारण सवय म्हटलं की बरं वाटायचं. पण काकांचा नियम "लागली तर" असा होता. आवाज आला तर, असा नव्हता. मला त्या माणसाचा पुढचा चेंडू नको होता, एवढंच. काकांचा नियम समोर उघड्या दारासारखा दिसला आणि मी त्यातून पळालो.

इकडे काकांनी ते समालोचन काट्याच्या खोलीत रेडिओवर ऐकलं होतं. गाड्या थांबवून ठेवल्या होत्या म्हणे. त्यांचं आंतर्देशीय पत्र आलं, त्यात एवढंच होतं: "लेका, नाव राखलं." पेपरातलं कात्रण त्यांनी काट्याच्या वर काचेत लावलं. वजन करायला आलेल्या प्रत्येक माणसाला ते दाखवायचे. मी भेटायला गेलो की मलाही पुन्हा दाखवायचे, आणि मी मान हलवायचो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, बियाण्याचा भरवसा गेला, जिनिंगपुढे गाड्यांच्या रांगा तीन तीन दिवस उभ्या राहू लागल्या. तालुक्याच्या क्रिकेट स्पर्धेला गावातून अकरा जण मिळेनासे झाले. ज्यांना जमलं ते पुण्याकडे, सुरतेकडे गेले. मी तेव्हा बदलून यवतमाळला आलो होतो, लोहाऱ्याला घर केलं होतं. एक दिवस बोरी अरबच्या बाजारात गेलो, तर पोत्यावर कांद्याचा ढीग मांडून दादाराव काका बसलेले. हातात तराजू.

"काका, इथं?"

"काटा सोडला," ते म्हणाले. "तुले सांगाचंच राह्यलं."

जिनिंगचे मालक बदलले होते. नवा विजेवरचा काटा आला होता. मुनीमानं काकांना सांगितलं, की यात एक किल्ली आहे, ती थोडी फिरवून ठेवायची, म्हणजे प्रत्येक गाडीमागं वजन जरा कमी दिसेल. रांगेत तीन दिवस उभा राहिलेला माणूस कुठे वाद घालतो? काकांनी नाही म्हटलं. मुनीम म्हणाला, मग दुसरा माणूस पाहतो. काकांनी खोलीच्या चाव्या टेबलावर ठेवल्या, कात्रणाची काच काढून काखेत घेतली आणि घरी आले. वय पंचावन्न.

हे सगळं त्यांनी मला एका गिऱ्हाइकाला कांदे जोखत सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "म्हटलं, आमच्या बबननं भारताची टीम सोडली एका मिंटात. मले एक काटा सोडता येत नाही का?"

बाजाराच्या गर्दीत मला एकदम घाम फुटला. मी दोन किलो कांदे घेतले. त्यांनी बळेच अडीच दिले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जास्त वेळा जाऊ लागलो, आणि दरवेळी सांगायचं ठरवून न सांगता परत येऊ लागलो. मंजुळाकाकू, म्हणजे काकांची बायको, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जात होत्या. खरं तर त्यांचं ते वय राहिलं नव्हतं. एकदा चहा देता देता त्या म्हणाल्या, "तुह्या त्या आउट होन्यापायी आमचं घर बसलं पाह्य, बबन." त्या हसत होत्या, मी हसू शकलो नाही. तो चेंडू लागला नव्हता असं सांगितलं तर या माणसाच्या हातात काय उरेल, ही धास्ती होती. नोकरी गेली होती, मान तेवढी शिल्लक होती, आणि ती माझ्या थापेवर उभी आहे असं मला वाटायचं.

अशात तालुक्याच्या स्पर्धेच्या मंडळानं ठरवलं की बक्षीस समारंभात आम्हा दोघांचा सत्कार करायचा. 'खरेपणाची गुरुशिष्य जोडी' असं फलकावर लिहून झालं होतं. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही तो किस्सा सांगा, पोरांवर संस्कार होतात." त्या वाक्यानंतर माझा निभाव लागेना. काकांसमोर, माईकवरून, त्यांच्या गळ्यात हार असताना तेच पुन्हा सांगणं मला शक्य नव्हतं. सत्कार रविवारी होता. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो.

काका अंगणात बसून कांदे निवडत होते, सडके एकीकडे, चांगले एकीकडे. मी समोर बसलो आणि प्रस्तावना न करता बोललो, कारण प्रस्तावना केली असती तर पुन्हा न सांगताच परत आलो असतो.

"काका, तो बॉल लागला नव्हता."

"कोनता?"

"तोच. शेवटचा."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला नाही. "आवाज आला असंन. तुले वाटलं असंन लागला."

"आवाज आलता. पन हाताले काही समजलं नाही. नाही लागला हे मले तवाच माहीत होतं."

"अंपायर?"

"तो हाललाच नाही."

"मंग काहून गेला?"

"भेलो, काका. त्याचा पुढचा बॉल खेळाची हिंमत नव्हती. तुमचा नियम कामी पडला."

मग त्यांनी विचारलं, "लय जोरात टाके का तो?" मी बगलेखालची जागा दाखवली. त्यांनी तिकडे पाहिलं, कांदा ठेवला, उठले आणि हापशावर जाऊन तोंड धुऊन आले. परत आले तेव्हा चेहरा बदलला होता.

"इतके वर्ष माह्यासमोर बसून चहा पेला तू. मी मानसाइले बोलावून बोलावून कात्रन दाखोलं. आन् तू मान हालवत बसे."

"हो."

"तुले लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली."

"मंग आज कायले सांगून राह्यला? परवा हार पडनार हाये म्हनून?"

खरं तेच होतं. मंजुळाकाकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जा मंग आता," त्या काकांना म्हणाल्या, "त्या मुनीमाले मांगा आपला काटा वापस."

"चूप राय," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते दुसऱ्याच विचारात होते. एक सडका कांदा उचलून त्यांनी चांगल्यांच्या ढिगात टाकला, मग तो परत काढला.

"त्या दिवशी त्यानं मले किल्ली फिरवाले सांगतली ना," ते सावकाश बोलू लागले, "तवा माह्या डोयासमोर तूच होता. काखेत बॅट धरून जाऊन राह्यला. म्हटलं, बबन गेला, आपनही जाव. आन् तू तं गेलाच नव्हता. तू तं पयाला होता."

"हो, काका."

"मंग मी कोनाचं पाहून सोडला काटा?"

माझे डोळे भरून आले. मी अंगणातल्या मातीकडे पाहत राहिलो. ज्याची मला इतकी वर्षं धास्ती होती, तो प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"कोनाचंच पाहून नाही," त्यांनीच उत्तर दिलं. ते पुन्हा एकदा तेच म्हणाले, आकडा वाचून खात्री करून घेतात तसं. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर हसू फुटत होतं, आणि ते मला आधी समजलंच नाही.

"मंजुळे, आयकलं का वं? इतके दिवस मी समजून राह्यलो होतो का आपन बबनची नक्कल केली. नक्कल नोहे ते! माह्या आंधी कोनी गेलंच नव्हतं. पयला मीच!"

"मी तं कवाची सांगून राह्यली होती," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "का ह्याइले कोनी शिकवा लागत नाही म्हनून."

काका मांडीवर थाप मारून हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी मॅटवरच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. मीही हसलो, रडतही होतो, आणि काकूंनी दोघांना शिव्या घालत चहा टाकला. निघताना काका मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

"रविवारी हार किती आनून राह्यले ते?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"एकच आना म्हना."

मी त्याच संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगून तसा निरोप दिला.